खड्ड्यातून ओळखलेली वॅटल

"वार्निश म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये," क्लॅरी पेन्रोझ म्हणाला. "पस्तीस वर्षं विकलंय मी."

पेनीवेदर गावच्या निसर्ग मंडळाची मंगळवारची सभा चालली होती. नेहमीची चौदा डोकी, नेहमीचा कडक चहा आणि नेहमीचे खोबऱ्यात लोळवलेले केक. विषय होता रविवारच्या रानफेरीचा. सप्टेंबर, म्हणजे तिकडचा वसंत, लागला होता, डोंगरावर जिकडेतिकडे वॅटल फुलली होती, आणि क्लॅरीने नुकतंच उठून जाहीर केलं होतं की पेनीवेदरच्या रानात चाळीस वर्षांत कुणाला न दिसलेली वार्निश वॅटल त्याने बेकरच्या डोंगरधारेवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आता वॅटल ओळखणं हा काही पोरखेळ नाही. ही सगळी बाभळीच्या गोतावळ्यातली झाडं, पण एकीचं रूप दुसरीला नाही. कुणाला पिसासारखी पानं, कुणाला कोयत्यासारखी, कुणी नुसते काटे काढून बसलेली. फुलं मात्र बहुतेकींची पिवळी, कुणीतरी परातभर हळद उधळल्यासारखी. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला सगळ्या एकाच आईच्या लेकी वाटतात. आणि क्लॅरी जन्मभर लांबूनच बघत आला होता. गावात त्याचं रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं. ते विकून टाकल्यावर वेळ जाईना म्हणून तो मंडळात आला, आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून दोन वर्षांत अध्यक्ष झाला.

"पानावर उभ्या शिरा किती होत्या?" कोपऱ्यातून क्विग्लीबाईंनी विचारलं.

थेल्मा क्विग्ली चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मंडळाच्या चिटणीस. साठ वर्षं हे रान पायाखाली घातलेलं. क्लॅरी तिसरीत असताना त्याला शिकवायला याच बाई होत्या, आणि त्या दोघांच्याही मते तो अजून त्या वर्गातून पुरता बाहेर पडलेला नव्हता.

"शिरा मोजल्या नाहीत, बाई. पण चमकत होती. वार्निश लावल्यासारखी."

"कधी पाहिलीस?"

"गेल्या शुक्रवारी सकाळी."

"गुरुवारी रात्रभर पाऊस पडत होता. पावसानंतर तुझं टक्कलही चमकतं, क्लॅरन्स."

सभा हसली. तिथे क्लॅरीने गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी तो ते वार्निशचं वाक्य बोलला, आणि वर म्हणाला, "रविवारी मी स्वतः नेऊन दाखवतो. प्रत्येकाने हात लावून बघा." बाईंनी वहीत लिहून घेतलं. बुधवारी ते गावच्या पत्रकात छापून आलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत रानफेरीला चाळीस माणसांनी नावं नोंदवली, त्यांतली सहा तर शंभर किलोमीटरवरून येणार होती.

बुधवारी रात्री क्लॅरीला झोप लागली नाही.

गुरुवारी सकाळी त्याने टोपी घातली आणि बायकोला सांगितलं, "केस कापून येतो."

"कुठले?" नोरीन म्हणाली. तिने पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

त्याचा बेत साधा होता. गुपचूप धारेवर जायचं, ती वॅटल शोधायची, जवळ एक खुणेची फीत बांधायची आणि जेवायला घरी यायचं. मंडळातल्या कुणाला गाडी दिसू नये म्हणून त्याने ती दफनभूमीच्या मागे, पाण्याच्या टाकीआड लावली. तिथून तो रानात शिरला.

धारेवर वॅटल भरपूर होत्या. पहिल्या तासात त्याने वीस-पंचवीस तरी तपासल्या. पण गेल्या शुक्रवारी जे झाड आरशासारखं झळकत होतं, ते आज कोरड्या उन्हात कुठेच नव्हतं. त्याने पानं चोळली, हुंगली, एक चाटूनसुद्धा पाहिलं. चिकटपणा नाही, चमक नाही. बाईंचं वाक्य त्याच्या कानात घुमायला लागलं. चाळीस माणसं. शंभर किलोमीटरवरून येणारी सहा.

इतक्यात खाली, उताराच्या पार तळाशी, झाडीत काहीतरी चमकलं.

क्लॅरीने वाट सोडली. पेनीवेदरच्या रानात वाट सोडायची नाही हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दीडशे वर्षांपूर्वी सोन्याच्या वेडाने आलेल्या माणसांनी त्या डोंगरांची चाळण करून ठेवली आहे. कुठल्या पाचोळ्याखाली खाणीचा खड्डा असेल ते सांगता येत नाही. क्लॅरीला हे माहीत होतं. पण त्याला ती चमक दिसत होती. तो उतरला, वळला, परत उतरला, एका पडलेल्या झाडाला वळसा घालून गेला, आणि तिथे पोहोचल्यावर त्याला कळलं की चमकत होता तो पत्र्याचा एक जुना डबा.

तो मागे वळला. मागे सगळीकडे सारखीच झाडं होती. काळी खोडं, करडा पाला आणि मधूनमधून पिवळं. धार कुठल्या बाजूला राहिली ते त्याला आठवेना. तो डावीकडे पाचशे पावलं गेला, मग उजवीकडे. मग आणखी कुठेतरी. आपण हरवलोय, असं तो मनात म्हणणार, तोच पायाखालची जमीन बसली.

पडायला फारसा वेळ लागला नाही. कुशीवर आपटला, चष्मा उडाला, उजव्या घोट्यातून कळ थेट डोक्यात गेली. वरून टोपलीभर माती अंगावर आली. मग शांतता.

क्लॅरीने डोळे उघडले. वर आभाळाचा एक तुकडा, दुकानाच्या शटरएवढा. भिंती ओल्या मातीच्या. दोन माणसं एकावर एक उभी राहिली असती तर वरच्याचा हात काठाला लागला असता, पण माणूस एकच होता. वरच्या काठावर एक झाड वाकलं होतं आणि त्याची मुळं भिंतीतून आत आली होती. त्या मुळांना कोवळे फुटवे फुटले होते. हाताला चष्मा लागला; त्याची एक काच शाबूत होती, दुसरी नव्हती.

म्हणजे फार काही बिघडलं नाही, असं त्याने ठरवलं आणि उठायला हात टेकला. हाताखालचा एक दगड सरकला आणि फटीतून खाली गेला.

क्लॅरी वाट बघत राहिला. दगड पडल्याचा आवाज येईना. मग खूप खालून, कुणीतरी विहिरीच्या तळाशी टिचकी मारावी तसा आवाज आला. छप्.

तेव्हा त्याला कळलं की तो खड्ड्याच्या तळाशी नाहीच. कुणीतरी कधीकाळी विवरात आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. त्यांच्यावर शंभर वर्षांची माती आणि पाला साचला होता, आणि त्या मातीवर क्लॅरी पेन्रोझ, वजन ब्याण्णव किलो, बसला होता. पस्तीस वर्षांत त्याने लाकूडही विकलं होतं. ओलाव्यात शंभर वर्षं राहिलेल्या फळीचं काय होतं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याने श्वास सोडला तोसुद्धा हप्त्याहप्त्याने. मग इंच इंच करत सरकला, मनगटाएवढं एक मूळ दोन्ही हातांनी धरलं आणि एका पायावर उभा राहिला. खिशातून फोन काढला. बॅटरी अठरा टक्के. हात पूर्ण वर केला की सिग्नलची एक काडी दिसे, खाली घेतला की गायब. त्याने हात वर ठेवूनच मदतीच्या नंबरची तीन शून्यं दाबली, आवाज मोठा केला आणि आभाळाकडे बघत बोलायला लागला.

पाच मिनिटांत त्याला गावच्या बचाव पथकाशी जोडून दिलं. पथकाचा प्रमुख गॅव्हिन स्लेटर, एरवी टायरचं दुकान चालवणारा.

"क्लॅरी? कुठे आहेस गड्या?"

"खड्ड्यात."

"ते कळलं. खड्डा कुठे आहे?"

इथे 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण ते दोन शब्द क्लॅरीच्या जिभेला कधी वळलेच नव्हते. दुकानात गिऱ्हाइकाने नाव न सांगता येणारा स्क्रू मागितला, तरी तो कुठला ना कुठला स्क्रू काढून द्यायचा.

"बेकरच्या धारेवर," तो म्हणाला. "वार्निश वॅटलच्या शेजारी."

"नक्की? फोनवरून जागा बघतोय, पण टॉवर एकच आहे इकडे. अख्खं रानच दाखवतोय."

"नक्की म्हणजे काय, धरूनच उभा आहे तिला."

"हलू नकोस. निघालो."

गॅव्हिनला टायर ओळखता येतात, वॅटल नाही. म्हणून त्याने निघताना क्विग्लीबाईंना फोन करून ती दिसते कशी ते विचारलं. बाईंनी आणखी दोघांना फोन केला, त्यांनी आणखी चौघांना. अर्ध्या तासात धारेवर पथकाचे पाच लोक दोर घेऊन पोहोचले आणि मंडळाचे अकरा लोक भिंगं घेऊन. अध्यक्ष पडले याचं मंडळाला वाईट वाटलं होतं. वार्निश वॅटल सापडली याचा आनंद जरा जास्त झाला होता.

क्लॅरीला यातलं काही माहीत नव्हतं. तो कान टवकारून उभा होता. सुटकेची पहिली चाहूल म्हणून त्याला जे ऐकू आलं ते वरून नव्हतं. समोरच्या कोपऱ्यातून होतं.

पाला सळसळला.

क्लॅरी थिजला. खड्ड्याचा तो कोपरा त्याच्यापासून दोन हातांवर होता आणि तिथे गुडघाभर पाचोळा साचला होता. पाचोळा एकदा वर आला, खाली गेला. मग आतून फुस् असा आवाज आला.

सप्टेंबरात ऊन वाढलं की विषारी तपकिरी साप बाहेर पडतात. क्लॅरीला सापाची भीती होती असं म्हणणं म्हणजे माशाला कोरड्या जमिनीची जरा अडचण होते असं म्हणण्यासारखं आहे. दुकानात पाण्याचा पाइप वेटोळं करून ठेवलेला असला तरी तो त्याच्याकडे पाठ करून बसत नसे. आता त्याच्या पायाखाली कुजक्या फळ्या, फळ्यांखाली पोकळी, पोकळीखाली पाणी, आणि शेजारी साप. त्याने मुळाला इतक्या जोरात मिठी मारली की वरचं झाड हललं आणि एक वाळकं पान त्याच्या नाकावर पडलं.

पन्नास मिनिटांनी, सिग्नलसाठी कितव्यांदा तरी हात वर केला तेव्हा फोन वाजला. हात तसाच ठेवून त्याने बॅटरी पाहिली. नऊ टक्के.

"आम्ही धारेवर आहोत," गॅव्हिन म्हणाला. "शिट्टी ऐकू येते का?"

"नाही."

"तू हाक मार."

क्लॅरी ओरडला. त्या आवाजाने भिंतीची माती घसरली आणि फळ्यांच्या फटीतून खाली गेली. छप्, छप्.

"काही ऐकू आलं नाही," गॅव्हिन म्हणाला. "थांब, क्विग्लीबाई बोलतायत."

फोन बाईंच्या हातात गेला. बाई धारेवरच, पथकाच्या गाडीत बसून होत्या, पण आवाज असा आला की खड्ड्यात फळाच उभा राहिला.

"क्लॅरन्स. तुझ्यासमोर वार्निश वॅटल आहे?"

पायाखालून करकर झाली. अगदी हळू, म्हातारं दार उघडताना होते तशी.

"नाही, बाई," क्लॅरी म्हणाला.

"मग काय आहे?"

"मला माहीत नाही, बाई. मी कुठे आहे तेही मला माहीत नाही. मी कधी वार्निश वॅटल पाहिलेली नाही. ते नुसतं ओलं झाड असणार. आणि मी मरणार आहे."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आता कुठे सुरुवात करता येईल. पानं कशी आहेत? पिसासारखी की चपटी?"

क्लॅरीने शाबूत काच डोळ्याला लावली. "दोन्ही आहेत."

"एकाच झाडाला? नीट बघ."

"एकाच. जुन्या फांदीवर चपटी आहेत. मुळावरच्या कोवळ्या फुटव्यांना पिसासारखी. आणि हे एक मधलं आहे, पान चपटं आणि त्याच्याच टोकाला पिसं."

"चपटं ते पान नव्हे, क्लॅरन्स. तो देठ आहे, रुंद झालेला."

"बाई, फळ्या मोडतायत."

"म्हणून तर घाईत सांगतेय. देठावर उभ्या शिरा किती?"

मंगळवारी न दिलेलं उत्तर गुरुवारी द्यावं लागत होतं. क्लॅरीने दातांत एक पान धरलं, ओढलं, काचेसमोर आणलं. पान हलत राहिलं; शिरा कधी आठ दिसत, कधी दोन. त्याने पानाचं टोक कपाळाने भिंतीवर दाबून धरलं आणि मोजलं. "चार. एके ठिकाणी पाच. एकमेकींना समांतर."

"म्हणजे दोघींपैकी एक," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "ब्लॅकवुड नाहीतर लाइटवुड. वॅटलच दोघी, दिसायला बहिणी, पण राहायला वेगळ्या. ब्लॅकवुडला ओल लागते. या रानात ती फक्त 'मेल्या घोड्याची घळ' म्हणतात तिथे आहे. लाइटवुड कोरड्या उतारावर, दफनभूमीच्या अंगाला. मध्ये चार किलोमीटर. चुकीच्या बाजूला गेलो तर परत यायला दीड तास. ब्लॅकवुड आता फुलते. फुलं दिसतात का?"

"खालून नुसतं खोड आणि आभाळ दिसतंय."

"शेंगा?"

क्लॅरीने खाली पाहिलं. वाळक्या, वेड्यावाकड्या शेंगा पडल्या होत्या. सगळ्या त्या समोरच्या कोपऱ्यात.

"आहेत."

"एक उचल. बी बघायचं आहे."

"तिथे साप आहे, बाई."

पलीकडून गॅव्हिनचा आवाज आला. "कसला साप?"

"दिसलेला नाही. पाचोळ्याखाली आहे. फुसफुसतोय."

"शेंग त्याच्यापासून किती लांब आहे?" बाईंनी विचारलं.

"वीतभर."

"आणि फोनची बॅटरी?"

"पाच टक्के."

"मग मी तुला काही सांगत नाही," बाई म्हणाल्या. "मी इथे आहे."

तिसरीतही बाई असंच करत. गणित फळ्यावर लिहीत आणि खिडकीजवळ जाऊन उभ्या राहत.

क्लॅरीने फोन खिशात न ठेवता, सिग्नल जाऊ नये म्हणून वर मुळांच्या बेचक्यात अडकवला. डाव्या हाताने मूळ धरलं. उजवा हात लांब केला. हात पुरेना. वजन पुढे टाकल्याशिवाय शेंग येणार नव्हती, आणि वजन पुढे टाकलं की फळ्या कण्हत होत्या. त्याने दुखरा पाय टेकला. कळ आली तरी ओठ मिटून धरले, कारण साप आवाजाने चिडतो की हालचालीने ते त्याला आठवत नव्हतं. तो बोटभर पुढे गेला. अजून बोटभर. पाचोळा वर आला, खाली गेला. त्याच्या मनात नोरीन आली, आणि तिला आपण केस कापायला जातो म्हणून सांगितलंय हे आलं, आणि दवाखान्यात, किंवा दवाखान्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही तर चर्चमध्ये, तिला हे सगळ्यांना समजावून सांगावं लागेल हे आलं. त्याने डोळे मिटले आणि शेंगेवर झडप घातली.

शेंग मिळाली. पण हात नुसत्या शेंगेला लागला नाही. चार-पाच सुया एकदम टोचाव्यात तसं झालं आणि तो कळवळला.

"चावला?" वरच्या फोनातून गॅव्हिन ओरडला.

क्लॅरीने डोळे उघडले. पाचोळा बाजूला झाला होता आणि त्यातून काट्यांचा एक गोळा वर आला होता, साळिंदराच्या पिल्लासारखा, पुढे पेन्सिलीएवढी तोंडाची नळी. एकिडना. मुंग्या शोधताशोधता तोही त्याच्यासारखाच खाली आलेला. सापाला काटे नसतात इतपत निसर्गज्ञान अध्यक्षांकडे होतं.

मग त्याने पाहिलं की एकिडना काय करतोय. घाबरला की हा प्राणी पळत नाही, चारही पायांनी जमीन खणून खाली जातो. हा तासभर तेच करत होता. आणि ज्या जमिनीत तो खणत होता तिच्यावर क्लॅरी उभा होता.

"साप नाही," क्लॅरी म्हणाला. "त्याहून वाईट आहे."

"बी काढ," बाई म्हणाल्या.

त्याने शेंग दातांनी फोडली. काळं, चकचकीत बी निघालं. त्याला एक दोरा होता.

"दोऱ्याचा रंग?"

"लालसर."

"पांढरा, एका टोकाला चुण्या पडलेला नाही? नक्की?"

"लालसर आहे, बाई. बीच्या भोवती गुंडाळलाय, दोन वेढे. मफलरसारखा."

"ब्लॅकवुड," बाई म्हणाल्या. "गॅव्हिन, घळीत. क्लॅरन्स, आता तू..."

फोन बंद पडला.

त्यानंतरचा पाऊण तास क्लॅरीने पुढे कुणालाही नीट सांगितला नाही. त्याने एकिडनाला आधी समजावलं. मग विनवलं. फळ्यांमधली माती चिमटीचिमटीने खाली जात होती आणि प्रत्येक वेळी छप् होत होतं. शेवटी त्याने अंगातला लोकरीचा स्वेटर काढला, नोरीनने विणलेला, आणि तो त्या प्राण्यावर टाकून, खालून बोटं घालून, त्याला उचलला. कर्जवसुलीवाल्याने दार धरावं तसा एकिडना जमिनीला धरून बसला होता. तिसऱ्या हिसक्याला सुटला. क्लॅरीने त्याचं गाठोडं करून पोटाशी धरलं. काटे लोकरीतून आरपार आले आणि शर्टातूनही. त्याने एका हाताने मूळ धरलं, दुसऱ्याने गाठोडं, आणि तसाच एका पायावर उभा राहिला. थोड्या वेळाने गाठोडं शांत झालं. क्लॅरीच्या लक्षात आलं की आपण त्याला थोपटतोय.

शिट्टी ऐकू आली तेव्हा त्याला ओरडायचंही भान नव्हतं. त्याने नुसतं मूळ हलवलं. वर झाड हललं, आणि काठावर गॅव्हिनचं डोकं दिसलं.

"हातात काय आहे?"

"हा खणत होता," क्लॅरी म्हणाला.

गॅव्हिनने खाली दोर आणि पट्टे सोडले. काठाजवळ कुणाला येऊ देत नव्हते. गॅव्हिन स्वतः शिडी आडवी टाकून तिच्यावर पोटावर झोपला होता. क्लॅरीने पट्टे कसेबसे चढवले. "ते गाठोडं सोड," गॅव्हिन म्हणाला, "दोन्ही हातांनी दोर धर." क्लॅरीने मान हलवली. सोडलं तर तो खणणार, आणि खणलं तर खाली जाणार. त्याला त्या खालचा आवाज माहीत होता, वरच्या कुणाला नव्हता.

पाच जणांनी ओढलं. त्याचे पाय फळ्यांवरून सुटून हातभर वर गेले असतील नसतील, तेवढ्यात खाली कडाड् झालं. फळ्या, माती, पाचोळा, शेंगा, सगळं एकदम गेलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आलं. दोर धरलेल्यांतला एक जण मटकन खाली बसला. पुढचे दहा फूट क्लॅरीला त्यांनी लहान मुलाला पाळण्यातून उचलावं तसं हळूच काढलं.

घळीच्या तोंडाशी क्विग्लीबाई काठी टेकत येऊन थांबल्या होत्या. त्यांनी आधी क्लॅरीच्या अंगाला चिकटलेलं एक पान काढून उजेडात धरलं, मग त्याच्याकडे वळल्या.

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या टकलावर दोन सेकंद हात ठेवला.

नोरीनही आली होती. तिने स्ट्रेचरशेजारी गुडघे टेकून नवऱ्याच्या पोटातून काटे एकेक करून सोडवले.

"न्हाव्याने फारच बारीक कापले," ती म्हणाली आणि मग रडायला लागली.

एकिडनाला सोडायला मात्र आणखी वीस मिनिटं लागली, कारण तो स्वेटर सोडायला तयार नव्हता.

रविवारची रानफेरी रद्द करायची असं मंडळाने ठरवलं होतं, पण येणाऱ्यांनी ऐकलं नाही. चाळीसची पंच्याऐंशी माणसं झाली. सगळ्यांना खड्डा बघायचा होता. गॅव्हिनच्या पथकाने घळीभोवती फीत बांधली होती आणि कुणाला पन्नास पावलांच्या आत सोडत नव्हते. क्विग्लीबाईंनी ब्लॅकवुडचं बी हातोहात फिरवलं, लाल दोऱ्यासकट.

क्लॅरीने राजीनामा दिला होता. बाईंनी तो घेतला नाही. त्याला मिळालं ते चहाच्या टेबलाचं काम, रस्त्याच्या कडेला, कुबड्यांसकट. नवा चष्मा यायला आठवडा होता, त्यामुळे त्याला दहा पावलांपलीकडचं जग ढगात दिसत होतं. माणसं येत, चहा घेत, हळूच त्याच्या घोट्याकडे बघत.

"तुम्हीच ना ते वॅटलवाले?" हिरवी टोपी घातलेल्या एका बाईने विचारलं. ती त्या शंभर किलोमीटरवरून आलेल्या सहांपैकी होती. "ती तिकडची कुठली हो? कुंपणापलीकडे. एवढी पिवळीधमक, अख्ख्या रानात उठून दिसतेय."

क्लॅरीने पाहिलं. ढगात एक झगझगीत पिवळा ठिपका होता. पूर्वीचा क्लॅरी असता तर त्याने उभ्याउभ्या नाव सांगितलं असतं आणि वर दोन मिनिटांचं व्याख्यान दिलं असतं. सोनेरी वॅटल हे शब्द तर जिभेच्या टोकावर आलेच होते.

"माहीत नाही," तो म्हणाला. "थांबा, बघून येतो."

त्याने कुबड्या घेतल्या. रस्ता ओलांडला. वाट जराही न सोडता, प्रत्येक वेळी आधी कुबडी टेकून जमीन चाचपत, तो कुंपणाशी गेला. तिथे बराच वेळ वाकून उभा राहिला. मग तसाच, चाचपत, परत आला. सगळं मिळून बारा मिनिटं लागली. तोवर टेबलाभोवती बरीच माणसं जमली होती आणि सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"गॅव्हिनचं जॅकेट आहे," क्लॅरी म्हणाला. "फांदीवर वाळत घातलंय."

"नक्की?" हिरव्या टोपीवाल्या बाईने विचारलं.

"नक्की," क्लॅरी म्हणाला. "हात लावून पाहिलंय."